पट एकतीस, हजेरी सतरा: गाण्या-वाजवण्यानं मुलं शाळेत कशी टिकवायची

माझी शाळा बीड जिल्ह्यातली, जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, दोनशिक्षकी. दसरा झाला की ऊसतोडीच्या मुकादमाच्या गाड्या लागतात, निम्मं गाव कोयत्यावर जातं. मागं राहतात म्हातारी माणसं, काही पोरं आणि शेळ्या. पटावर एकतीस नावं आणि वर्गात सतरा डोकी, हे मी दोन वर्षं बघितलं. घरोघर फिरले, पालकसभा घेतल्या, रागावले, बिस्किटंही वाटली. मग गाणं-वाजवणं सुरू केलं आणि पहिल्या वर्षी तेही चुकीच्या पद्धतीनं केलं. दुसऱ्या वर्षी जमलं. तुमचं पहिलं वर्ष तरी वाया जाऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

एक कबुली आधीच देते. मला गाता येत नाही. डी.एड.ला पेटीवर सरगम वाजवली होती, तेवढंच भांडवल. त्यामुळे ‘आम्हाला कुठं संगीतातलं कळतं’ ही अडचण मला सांगू नका.

आणि दोन वर्षांत जे उमगलं तेही आधीच सांगते, कारण पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यावरच उभ्या आहेत. मूल शाळेत येतं ते गाणं आवडतं म्हणून कमी, आणि आपल्यावाचून तिथं काहीतरी अडतं म्हणून जास्त.

१. पेटी नंतर, आधी हजेरीपट उघडा

गेल्या वर्षीचा हजेरीपट घ्या. एका कोऱ्या कागदावर डावीकडे मुलांची नावं आणि वर सोमवार ते शनिवार असे रकाने आखा. कोण कोणत्या वारी किती वेळा गैरहजर होतं ते मोजा. जुलै ते सप्टेंबर वेगळं मोजा, नोव्हेंबर ते मार्च वेगळं. एका शाळेला एक संध्याकाळ पुरते.

माझ्या कागदावर दोन गोष्टी अशा दिसल्या की मलाच लाज वाटली. रोज हजेरी घेऊनही त्या कधी ध्यानात आल्या नव्हत्या. मंगळवारी आमच्याकडे आठवडी बाजार असतो, त्या दिवशी तिसरी-चौथी जवळजवळ रिकामी. आणि शनिवारची सकाळची शाळा तर अर्ध्या घरांनी सुट्टीच धरलेली.

मग नावांचे तीन गट पाडा. पहिला, गावात असूनही न येणारी मुलं. दुसरा, येणारी पण खिचडी खाऊन पसार होणारी (ही हजेरीपटावर दिसत नाहीत, कारण हजेरी सकाळीच लागलेली असते, दुपारी डोकी मोजा). तिसरा, आईबापाबरोबर उसाच्या फडावर गेलेली.

संगीताचा उपयोग पहिल्या दोन गटांना होतो. तिसऱ्या गटाबद्दल स्वतःला फसवू नका. ज्या घरानं मुकादमाकडून उचल घेतली आहे आणि ज्या घरात लहानग्याला सांभाळायला दुसरं कुणी नाही, तिथलं पोर पेटीच्या आवाजानं थांबत नाही. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव, आजी-आजोबांशी बोलणं, आणि जाणारच असेल तर शिक्षण हमी कार्ड (जाईल तिथल्या शाळेत बसता यावं म्हणून) हातात देणं, हे काम वेगळं आणि ते वेळेवर, म्हणजे गाड्या लागायच्या आधी करायचं.

२. वेळापत्रकात जागा शोधा

कलाशिक्षण, कार्यानुभव, आरोग्य व शारीरिक शिक्षण या तासिका वेळापत्रकात आहेतच. त्यामुळे गणिताचा तास चोरायची गरज नाही, आणि कुणी तसं म्हणालं तर वेळापत्रक दाखवा. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही कला हा अवांतर उद्योग न मानता शिकण्याचाच भाग धरला आहे. साहेब आले तर हे वाक्य उपयोगी पडतं. खास कलाशिक्षक मात्र मिळेल या आशेवर राहू नका. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात कलेसाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे ती सहावी ते आठवीला, आणि तीही पट शंभराच्या वर असेल तर. आपल्या दोनशिक्षकी शाळेत कलाशिक्षक म्हणजे तुम्हीच.

तास कुठं बसवायचा हे कागद सांगेल. पहिली दहा मिनिटं परिपाठात ठेवा, त्यानं उशिरा येणारी मुलं वेळेवर यायला लागतात. वीस-पंचवीस मिनिटं शेवटच्या तासिकेला ठेवा, त्यानं खिचडीनंतरची पळापळ थांबते. आणि आठवड्यातला मोठा कार्यक्रम सर्वांत कमी हजेरीच्या वारी. सगळी शाळा भरलेली असते त्या सोमवारी लेझीम घेऊन काय मिळणार? आम्ही मंगळवारी नवीन चाल आणि शनिवारी लेझीम ठेवली.

दोन खोल्यांच्या शाळेत एका वर्गात वाजवलं की दुसऱ्यात पाढे बंद पडतात. त्यामुळे दोन्ही वर्ग एकदमच बाहेर घ्या. आमचं सगळं लिंबाखाली चालतं.

३. कागदपत्रं आणि साहित्य

हे कंटाळवाणं आहे, पण सुरुवातीलाच करून टाका:

- शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव: कोणता उपक्रम, कोणत्या वेळी, खर्च कशातून. इतिवृत्तात सह्यांसह.
- केंद्रप्रमुखांना एक साधं माहितीपत्र, आणि त्याची पोच.
- खर्च संयुक्त शाळा अनुदानातून करणार असाल तर दरपत्रकं, पावती, प्रमाणक.
- लोकसहभागातून वस्तू मिळाली तर देणाऱ्याला शाळेची पावती आणि साठा नोंदवहीत नोंद. टाळाची एक जोडी असली तरी.
- बाहेरचा माणूस शिकवायला येणार असेल तर त्याचा अर्ज, ओळखपत्राची प्रत आणि समितीची मान्यता.
- मुलांना गावाबाहेर स्पर्धेला नेणार असाल तर पालकांचं संमतीपत्र.

साहित्यात पहिल्या तीन महिन्यांना लागतं ते एवढंच: काचेच्या रिकाम्या बाटल्या, सुतळी, एक बांबू, लाकडी काड्या, नेलपॉलिश आणि मोबाइलवर तानपुऱ्याचं किंवा पेटीचं एखादं फुकट ॲप.

साठा नोंदवहीचं सांगते, कारण मी त्यात अडकले. पहिल्या वर्षी एका सद्‌गृहस्थानं ढोलकी दिली, आनंदाच्या भरात नोंद राहिली. तपासणीत ‘ही आली कुठून’ यावर पाऊण तास गेला आणि वर खुलासा लिहून द्यावा लागला.

४. पाच बाटल्यांचा भूप

सगळ्यांची पहिली उडी पेटीवर असते. पण पेटी एक, वाजवणार एक (बहुतेक वेळा आपणच), आणि बाकीचे तीस जण मांडी घालून बघत बसणार. यात कुणाचंच कुणावाचून अडत नाही.

त्यापेक्षा एकाच मापाच्या पाच काचेच्या बाटल्या घ्या. सरबताच्या चालतात. बांबू आडवा बांधून त्यावर सुतळीनं लटकवा, खाली टेकू देऊ नका, टेकली की आवाज मरतो. पेन्सिलीच्या जाडीच्या लाकडी काडीनं हलकेच वाजवा. पाणी जितकं जास्त तितका स्वर खाली, पाणी कमी केलं की स्वर चढतो. सर्वांत भरलेली बाटली सा, मग पाणी कमी करत रे, ग, प आणि जवळजवळ रिकामी ध. मोबाइलवरचा स्वर ऐकत थेंब थेंब पाणी घाला-काढा. एकाच मापाच्या बाटल्यांत सा खाली बसत नसेल तर सा आणि रे यांना मोठ्या बाटल्या घ्या.

मध्यम आणि निषाद मुद्दामच सोडलेत. हे पाच स्वर म्हणजे भूप राग. यातले स्वर मुलांनी कसेही मागेपुढे वाजवले तरी कानाला खुपत नाही, त्यामुळे पहिल्याच दिवशी सगळ्यांना ‘आपल्याला वाजवता येतं’ असं वाटतं. सात स्वर दिले असते तर पहिला आठवडा नुसता गोंगाट झाला असता.

पाण्याच्या पातळीवर नेलपॉलिशची रेघ मारा. दुसऱ्या दिवशी पातळी थोडी खाली गेलेली असते. कधी ऊन, कधी कुणाच्या तरी धक्क्यानं सांडलेलं. स्वर चढलेला असतो. तो रेघेपर्यंत भरून परत लावायचा, आणि हे काम ज्याची बाटली त्याचंच. त्यासाठी परिपाठाच्या दहा मिनिटं आधी यावं लागतं. वेळेवर या असं मी तेव्हापासून कुणाला म्हटलेलं नाही.

(बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली तर बरोबर उलटं होतं, पाणी वाढलं की स्वर चढतो. आमच्या पोरांनी हे दुसऱ्याच दिवशी शोधून काढलं. काडीनं मारलं की काच आणि पाणी हलतं, फुंकलं की वरची हवा. तो तास परिसर अभ्यासात धरा.)

एका बाटलीला दोन मुलं द्या. एक वाजवणार, दुसरा पाणी सांभाळणार आणि डब्यावर ठेका धरणार, दुसऱ्या दिवशी उलट. जोडी लावताना एकाच वस्तीवरची, शेजारच्या घरांतली मुलं निवडा आणि त्यातलं एक तरी नेमानं येणारं असू द्या. आमच्याकडे असे तीन संच झाले: पंधरा बाटल्या, तीस मुलं. एकतिसावी मुलगी मात्रा मोजते, आणि तिचा रुबाब सगळ्यांपेक्षा जास्त.

आता एक मंगळवार सांगते. आमच्या तिसरीतला एक मुलगा, आजीजवळ राहणारा, बाजाराच्या दिवशी शेळ्या घेऊन जायचा. त्याच्याकडे आणि त्याच्या शेजारच्या मुलाकडे त्यांच्या संचातला ग होता. शेजारी तापानं फणफणलेला, आणि हा शेळ्यांमागं. परिपाठात त्यांच्या संचाची चाल सुरू झाली, आणि ग आला की नुसती पोकळी. सा, रे, आणि मग काही नाही. दुसऱ्या आवर्तनाला मुलं हसायला लागली, तिसऱ्याला कुणी हसलं नाही. ‘मॅडम, ग नाही तर ह्याला काय अर्थय?’ असं चौथीतली एक म्हणाली. मी काही बोलायच्या आत दोघं जण फाटकाबाहेर. वीस मिनिटांनी तिघं आले, सोबत दोन शेळ्या. शेळ्या लिंबाला बांधल्या, त्यानं बाटलीत पाणी भरलं, वाजवून बघितलं, थोडं ओतलं, परत वाजवलं आणि म्हणाला, ‘हं, आता करा.’

गोष्ट गोड आहे, पण माझी त्यात चूक होती. शाळेच्या वेळेत मुलांना मुलं आणायला पाठवू नये. रस्ता आहे, विहिरी आहेत, आणि काही झालं तर जबाबदार आपण. त्या दिवसापासून नियम केला: हाक मारायची ती शाळेत येताना, जोडीदाराच्या दारावरून. त्यासाठीच जोड्या एका वस्तीवरच्या लावायच्या.

पहिली-दुसरीच्या हातात काच देऊ नका. जोडीत त्यांच्याकडे ठेकाच ठेवा: खंजिरी, टिपऱ्या, किंवा पत्र्याचा डबा.

५. हजेरी गाऊन घ्या

‘हजर मॅडम’ हे मुलं झोपेतही म्हणू शकतात. त्याऐवजी ही चाल घ्या, केरव्यात, म्हणजे आठ मात्रांची दोन आवर्तनं:

ग ग रे ग | प प ध प | ग रे सा रे | सा – – –
को ण आ लं | को ण ना ही | हा क मा रू | ये – – –

‘ये’ या सा वर सगळे थांबतात आणि पुढच्या चार मात्रांत एक मूल आपलं नाव हव्या त्या स्वरांत म्हणतं. जो आला नाही त्याचं नाव आलं की चार मात्रा रिकाम्या सोडायच्या. कुणी ओरडायचं नाही, ‘तो आला नाही’ असं सांगायचंही नाही. नुसतं थांबायचं. एकतीस नावं एका दिवसात घेतली तर परिपाठ संपायचा नाही, म्हणून रोज एका वर्गाची.

केरवा माहीत नसेल तर ‘धा गे ना ती न क धी ना’ एवढं पाठ करा आणि मांडीवर वाजवा. त्याच ठेक्यावर पाढे बसतात, महिने बसतात, नद्यांची नावंसुद्धा.

मोबाइल-स्पीकरवर गाणं लावून त्यावर मुलांना नाचवण्याचा मोह टाळा. स्पीकर कुणी आलं-नाही आलं तरी वाजतोच.

६. शनिवार लेझमीला

लेझीम बहुतेक शाळांच्या कपाटात सापडते, गंजलेली. रॉकेलच्या फडक्यानं पुसा, सुटलेल्या चकत्या तारेनं बसवा. लोखंडी लेझीम पहिली-दुसरीच्या हातांना जड होते, त्यांना दुसरं काही द्या. आधी लेझीम न घेता चार आकड्यांवर पावलं, मग रिकाम्या हातांनी झोक, मग लेझीम. सगळं एकदम शिकवलं की कुणाच्या तरी कपाळाला लागतं.

प्रत्येकाची रांगेतली जागा ठरवून द्या आणि मैदानावर चुन्यानं आकडा काढा. कुणी आलं नाही तर त्या जागेवर दुसऱ्याला सरकवू नका. पंधरा ऑगस्टच्या संचलनात असं करता येणार नाही, पण सरावाला जागा रिकामीच दिसू दे.

हलगी वाजवायची असेल तर कातडं तापवावं लागतं. जाळ मुलांपासून लांब आणि मोठ्या माणसाच्या हातानं. आणि हलगीबाबत एक गोष्ट नीट ऐका. गावात हलगी कुणी वाजवायची हे जातीनं ठरलेलं असतं आणि मुलांना ते घरूनच माहीत असतं. ‘तुझ्या आज्याला येते, तूच घे’ असं सहज तोंडून निघतं. मी म्हणाले होते. तो मुलगा काहीच बोलला नाही, पण पुढचे तीन दिवस आला नाही. मुलं यावीत म्हणून मांडलेल्या खेळातून एकाला मीच घालवलं होतं. तेव्हापासून आमच्याकडे हलगी पाळीनं फिरते, नावांच्या चिठ्ठ्या टाकून. पहिल्या दिवशी दोन घरांतून निरोप आला, ‘आमच्या पोराला ते नका देऊ.’ मी जाऊन बसले, चहा घेतला, सगळ्यांना पाळी आहे एवढंच सांगितलं. एक घर मानलं, दुसऱ्याला महिना लागला. ढोलकीला मुली नकोत म्हणणाऱ्यांशीही असंच: पाळी म्हणजे पाळी.

७. शिकवणारं माणूस गावातच असतं

भजनी मंडळातले पखवाजवाले बुवा, बँड पथकात उमेदीची वर्षं काढलेले कुणी, ज्येष्ठ कलावंतांचं शासकीय मानधन घेणारं कुणी. विचारत गेलात तर तीन-चार नावं निघतात. मानाचं निमंत्रण द्या, समितीच्या लेटरहेडवर. पैसे देता येणार नसतील तर तसं पहिल्यांदाच स्पष्ट सांगा. ‘बघू, काहीतरी करू’ म्हणू नका.

आमचे बुवा आठवड्यातून एकदा येतात. पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक लावायचं काम बघायला मुलं आधीच गोल करून बसलेली असतात. कणीक भिजवून आणायची पाळीसुद्धा वाटून दिली आहे.

बाहेरचं माणूस कितीही ओळखीचं, कितीही आदराचं असलं तरी मुलांजवळ एकटं ठेवायचं नाही. एक शिक्षक कायम तिथं हवा. हा नियम बुवांना मी पहिल्याच दिवशी सांगितला, त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही. मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी शाळेत असते त्या सखी सावित्री समितीच्या बैठकीतही हा विषय मांडून ठेवा.

बुवांची पट्टी मात्र मुलांना चालत नाही. मोठी माणसं आपापल्या पट्टीत सुरू करतात आणि मुलं एक तर पुटपुटतात नाही तर किंचाळतात. कोणतंही गाणं घेताना त्यातला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा स्वर आधी दोन-तीन मुलांकडून म्हणवून बघा. मानेच्या शिरा फुगल्या तर पट्टी उतरवा, आवाज ऐकूच येईना तर चढवा.

८. आज्ज्यांना बोलवा

हे मला सर्वांत उशिरा सुचलं. हंगामात मुलानं शाळेत जायचं की नाही हे आई-वडील ठरवत नाहीत, ते तर फडावर असतात. ठरवते आजी. तिला पालकसभेचं निमंत्रण दिलं तर ती येत नाही, ‘मला काय कळतंय’ म्हणते. पण जात्यावरच्या ओव्या म्हणायला बोलावलं तर येते. पहिल्या वेळी दोघी आल्या, पदर तोंडाला लावून बसल्या. तिसऱ्या वेळी नऊ जणी होत्या आणि एकमेकींच्या ओव्या दुरुस्त करत होत्या. मुलांनी त्या वहीत उतरवल्या, तेच आमचं श्रुतलेखन. आता कुणाचं नातवंड घरी दिसलं की दुसरीच आजी विचारते.

धाकट्या भावंडाला सांभाळायचं म्हणून घरी राहणाऱ्या दोन मुली होत्या. त्यांना सांगितलं, आणा त्याला कडेवर. ते पोर खुळखुळा घेऊन लिंबाखाली बसतं. कधीकधी तेच सर्वांत तालात असतं.

गाणी निवडताना एवढंच बघा की शाळेतल्या प्रत्येक घराला ती आपली वाटतील. एकाच देवाची गाणी सलग घेतली की कुणीतरी गप्प बसतं, आणि त्याचं कारण ते सांगत नाही.

९. माझं वाया गेलेलं वर्ष, आणि इतर खड्डे

पहिल्या वर्षी मी नियम केला होता: ज्याची हजेरी नव्वद टक्के, तोच लेझीम पथकात. ऐकायला किती शिस्तशीर! झालं काय, जी मुलं तशीही रोज येत होती त्यांना लेझीम मिळाली, आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप होता ती कुंपणाबाहेर उभी राहून बघायला लागली. पुढं तीही यायची बंद झाली. हजेरीचं बक्षीस म्हणून संगीत देऊ नका आणि शिक्षा म्हणून काढूनही घेऊ नका. तीन आठवड्यांनी उगवलेल्या मुलाच्या हातातही त्याच दिवशी काडी द्या. ‘कुठं होतास’ हे नंतर, एकट्याला विचारा.

दुसरा खड्डा स्नेहसंमेलनाचा. डिसेंबरात जोरात सराव, २६ जानेवारीला टाळ्या, आणि २७ तारखेपासून वाद्यं कपाटात. मुलांना कळतं की हे पाहुण्यांसाठी होतं.

गोड गळ्याच्या दोन मुलींना कायम माइकपुढं उभं करणं हाही तसलाच प्रकार. बेसूर मुलांना ‘तू नुसते ओठ हलव’ म्हणू नका. मला लहानपणी म्हटलं होतं, अजून आठवतं.

आणि पालकांची तक्रार येणारच. आमच्या समितीत एक जण उभे राहिले: ‘पोरांना शिकवायचं सोडून तमाशा लावलाय.’ मी वाद घातला नाही. दोन वर्षांच्या सप्टेंबरची हजेरी शेजारी शेजारी ठेवली आणि त्यांच्याच मुलीला तिनं उतरवलेल्या ओव्या वाचायला लावल्या. ते पटले असं नाही, पण बसले.

१०. मोजत राहा

दर महिन्याला पहिल्या पायरीतला तक्ता परत भरा. तुलना मागच्या महिन्याशी करू नका, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. आपल्या भागात हजेरी हंगामावर हलते आणि जूनची नोव्हेंबरशी तुलना केली तर तुम्ही उगाच खचाल. दुपारची डोकी वेगळी लिहा. आमच्याकडे मंगळवार सुधारला, दुपार तर खूपच सुधारली. शनिवार अर्धाच सुधारला. एक मुलगा सगळं करूनही आला नाही. त्याच्या पायाचं दुखणं होतं, ते डॉक्टरांकडे नेल्यावर कळलं. गैरहजेरी म्हटलं की प्रत्येक वेळी गाणंच पाजायचं नसतं.

वर्षभर हे टिकलं तर मग पेटी घ्या, जुनी चालेल. घेताना भाता भरा आणि एकही पट्टी न दाबता थांबा. हवा लगेच निघून गेली किंवा आपोआप सूर वाजायला लागला तर घेऊ नका. घरी आणल्यावर पेटीचा खरा शत्रू उंदीर, तिला खोक्यात बंद करून उंचावर ठेवा. ढोलकी पावसाळ्यात भिंतीला टेकवू नका, ओल धरते. एखाद्या मुलाला खरोखर गळा असेल तर पाचवीनंतर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची माहिती घरच्यांना द्या. पहिली परीक्षा प्रारंभिक. दहावीला शास्त्रीय कलांचे वाढीव गुण मिळतात, ते कोणत्या परीक्षेवर किती हे त्या वर्षीच्या परिपत्रकात बघा.

मार्च-एप्रिलमध्ये टोळ्या परततात. बरोबर गेलेली मुलं बुजलेली असतात, अभ्यासात मागं पडलेली, हाताला पाचटाचे ओरखडे. शाळेत परीक्षेची घाई असते आणि नेमकं तेव्हाच आपण गाणं बंद करतो. करू नका. ऑक्टोबरात त्यांच्या बाटल्यांवर नावाची चिकटपट्टी लावून ठेवा, आणि हंगामात नवी चाल बसली की ती वडिलांच्या मोबाइलवर आवाजात पाठवा. कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, रात्री पोरं ऐकतात. आमची एक मुलगी यंदा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आली. परिपाठाला मागं उभी राहिली. तिच्या बाटलीतलं पाणी केव्हाच आटलं होतं, रेघ तेवढी होती. तिनं तांब्या आणला.